कॉन्चेर्टोतली मोकळी जागा

तुमच्या भावानं पायपेटीवर ज्वारीची पोती रचली होती. ती मी उतरवली. एकटीनं उतरवली, कमरेत उसण भरली, पण उतरवली. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच केला असता की भाता तर फाटला नाही ना. नाही फाटला. खालच्या सप्तकातला पंचम जरा घुसमटतो, पण तो तुमच्या वेळीही घुसमटायचाच.

भाऊजींवर रागावू नका. तुमचं तेरावं झाल्यावर बाकीचे रिठदला, तुमच्या गावी परतले, ते मला न्यायला मागं राहिले. कारंजाचं बिऱ्हाड मोडायचं, भांडीकुंडी मोटारीच्या टपावर टाकायची आणि मी रिठदच्या घरी मागच्या खोलीत जाऊन राहायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मला विचारायचं तेवढं राहून गेलं. पोत्यांना ओल लागू नये म्हणून उंचावर ठेवली, असं ते म्हणाले. घरात खाट होती, लाकडी फळी होती, तुमचं टेबल होतं. त्यांना पेटीच दिसली.

मी पोती ओढत होते तेव्हा ते दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "वहिनी, आता ते दिवस गेले."

"कोणते दिवस?"

"वाजवाचे. लोक पाह्यतात वहिनी. वरीस तं उतरू द्या."

"वरीस उतरंपर्यंत सुमनचं लगन होऊन जाईन," मी म्हटलं. "मंग कोणासाठी वाजवू? ज्वारीच्या पोत्यासाठी?"

ते ओसरीवर जाऊन बसले. तुमचा भाऊ गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं समजायचं नाही, हे तुम्हीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगून ठेवलं होतं.

सुमन कोण हे तुम्हाला सांगायला नको. पण उद्या हे कुणी तिसऱ्यानं वाचलं तर त्याचा घोटाळा नको, म्हणून लिहिते. अनसिंगच्या कास्तकाराची पोर, शाळेसाठी इथं मामाकडे राहिलेली. तुम्ही शाळेत गाण्याचे मास्तर. बाकीच्या मुली प्रार्थना पाठ करायच्या आणि ही तुमच्या फिडलकडे टक लावून बसायची. तिला तुम्ही घरी बोलावलं, आणि तेव्हापासून आपल्याला मूल नाही हे मी थोडं थोडं विसरले. तिचं लग्न वैशाखात आहे. सासर खाऊन-पिऊन सुखी, पण फिडल सासरी वाजवायचं नाही हे बोलणीतच ठरलं. तिच्या बापानं मान खाली घालून ते तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही त्याला म्हणालात, "ठीक हाय. पण जायच्या आधी तिले एकडाव पुरं वाजवू द्या. लोकायसमोर. पहिल्यापासून शेवटपर्यंत." त्यानं कबूल केलं. फाल्गुनात शाळेच्या मोठ्या खोलीत कार्यक्रम ठरला. तुमचा तो विलायती कॉन्चेर्टो, सुमन फिडलवर, वाद्यवृंदाच्या जागी पायपेटीवर मी, आणि तुम्ही समोर बसून फक्त ऐकणार. माघात तुम्ही गेलात.

आता तुम्हीच सांगा, तो शब्द कोणी पाळायचा? तुमचा शब्द, पण तो माझ्या हातांवर दिलेला. कारंजात ते वाजवणारं दुसरं कोणी नाही.

हेडमास्तर भेटायला आले तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसले होते. म्हणाले, "बाई, कार्यक्रम आम्ही रद्दच समजतो. तुम्ही मनावर ताण घेऊ नका."

"मास्तर गेले," मी म्हटलं. "मी आहे ना."

"ते खरं. पण तुम्ही अशा परिस्थितीत, व्यासपीठावर…"

"पेटी खाली ठेवली तर मी खाली बसते. मला उंचावर बसायची हौस नाही."

भला माणूस आहे, पण गावाला भितो. त्यांनी भजनी मंडळातल्या पेटीवाल्यालाही विचारून पाहिलं. तो घरी आला, सुमनचं थोडं ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "याच्यात सम कुठी हाय?" चहा पिऊन गेला. अख्खं गाव त्या कॉन्चेर्टोला तुमचं इंग्रजी भजन म्हणतं, आणि भजनवाल्यालाही ते येत नाही. तेव्हा माझ्याशिवाय गत्यंतर नाही हे हेडमास्तरांना कळलं आणि ते "बघू" म्हणाले. मी त्या "बघू"ला होकार समजून टाकलं.

तुम्ही ते पहिल्यांदा मला ऐकवलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी नवी नवरी. तुम्ही ग्रामोफोनला चावी दिली, मला समोर बसवलं, आणि त्यातून एकदम एवढे लोक वाजवायला लागले की मी पदर सावरून उठलेच. म्हटलं, "हे भांडून राह्यले का?"

तुम्हाला केवढा आनंद झाला. "बराबर वळखलं," म्हणालात. "भांडणच हाय. एका बाजूनं एकटं फिडल, दुसऱ्या बाजूनं पन्नास जण. आधी पन्नास जण आपलं म्हणणं मांडतात. फिडलवाला गप उभा राह्यते. मंग तो बोलते. मंग ते. कधी मानतात, कधी त्याची गोष्ट त्याच्या तोंडातून काढून घेतात. आपल्याकडे साथ करणारा मागं मागं येते ना, तसं नाही. इथं बरोबरीचं हाय. याले कॉन्चेर्टो म्हणतात."

"अन् नाव कोणाचं होते?"

"फिडलवाल्याचं."

"मंग बरोबरी कुठी राह्यली? ते पन्नास जण काय खुळे, बह्याड हायेत?"

तुम्ही हसलात आणि ग्रामोफोनला परत चावी दिलीत. तो वाद आपण संसारभर घातला. भाजी आणायला जाताना, मोटारीत, तुमच्या मावशीकडच्या लग्नघरी सुद्धा. मी म्हणायची, तुमच्या त्या रचणाऱ्या साहेबानं मोठ्या मनानं पन्नास जणांना बोलावलं आणि शेवटी हार एकट्या फिडलवाल्याला घातला. तुम्ही म्हणायचे, अवं, हार कोणाले घातला ते नको पाहू, कोण कोणाचं ऐकते ते पाह्य. मला ते बोलणं गुळमुळीत वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

मुंबईत कोवळ्या वयात तुम्ही एका गोव्याच्या मास्तराच्या हाताखाली शिकलात, सिनेमाच्या पडद्यापुढं बसून वाजवलंत, आणि येताना या कॉन्चेर्टोचं एक छापील पुस्तक घेऊन आलात. त्यातले ते पन्नास जण तुम्ही माझ्या दोन हातांत बसवले. एक-एक ओळ सारेगममध्ये लिहून दिली. कोण कुठं गेलं ते तुम्हालाच ठाऊक. बासरीवाला डाव्या करंगळीत गेला म्हणायचात. बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून ही पायपेटी आणलीत, कारण हातपेटीत एक हात भात्याला जातो आणि तुम्हाला माझे दोन्ही हात हवे होते. मी शेणानं माखलेल्या हातांनी, पिठाच्या हातांनी ते शिकले. कुणाला खोटं वाटेल, पण मला ते आवडायला लागलं होतं. तुमच्यासमोर कबूल करायची सोय नव्हती. लगेच अंगणभर सांगत सुटला असता.

आणि ती तबकडीची गंमत. मी बरंचसं तबकडी ऐकून बसवलं होतं. एका बाजूत थोडंच मावायचं, मग ती पालटायची. तुम्ही पालटेपर्यंत गप्प बसायचं. तर मी पेटीवरही त्या त्या जागी हात उचलून थांबायला लागले.

"थांबली काहून?" तुम्ही कमान रोखून विचारलं.

"इथं थांबतात ना."

"कोण थांबते?"

"ते सगळेच थांबतात. रोज थांबतात."

तुम्ही डोक्याला हात लावून जमिनीवर बसलात. चांगल्या भरात आलेल्या ओळीच्या मधोमध मी मुक्काम केला होता. ती खोड मोडायला तुम्हाला पावसाळा गेला. तुम्ही ही गोष्ट ज्याला त्याला सांगायचे आणि मी चिडायची. आज मीच लिहून ठेवते आहे.

सुरुवातीचं वाद्यवृंदाचं लांबलचक वाजवणं मला फार प्रिय होतं, ते कशामुळं ते सांगून टाकते. तेवढा वेळ तुम्हाला खिडकीशी उभं राहून गप्प ऐकावं लागायचं. घरात दुसरी तशी वेळ नव्हती. कधी तुम्ही माझ्यावर खेकसला असाल तर मी ते मुद्दाम सावकाश वाजवायची. तुम्ही फिडल हनुवटीखाली धरायचे, परत काढायचे, घसा खाकरायचे. मी आपली निवांत. बाईला बोलायची पाळी आधी देणारं गाणं मी तरी दुसरं ऐकलं नाही.

दुसरा भाग संथ. तिथलं आपलं भांडण निराळं. सूर सरळ ठेवायचा, एकावरून दुसऱ्यावर घसरायचं नाही, तिकडची ती रीत नाही, असं तुम्ही सुमनला बजावायचे. आणि स्वतः वाजवताना जात्यावर बसलेल्या बाईसारखे सूर ओढत न्यायचे. मी म्हटलं की म्हणायचे, "मी कुठी ओढला?" आता सांगते, ओढायचे. रोज ओढायचे. आणि तेच ऐकावंसं वाटायचं, म्हणून मी त्या भागात कधी उठले नाही.

उठायची ती पहिल्या भागात, मोकळ्या जागेला.

तिसऱ्या माणसासाठी हेही सांगायला हवं. पहिला भाग संपत आला की सगळा वाद्यवृंद एका सुरावर येऊन थांबतो. पुढं रचणाऱ्यानं काही लिहिलेलंच नाही. फिडलवाल्यानं एकट्यानं, मागं जे झालं त्याला धरून, मनात येईल ते वाजवायचं. पन्नास जणांनी हात मांडीवर ठेवून ऐकायचं. त्याचं झालं की तो एका सुरावर बराच वेळ थरथर करतो. ती ट्रिल. ती ऐकली की वाद्यवृंदानं समजायचं की ह्याचं बोलून झालं, आता आपण यायचं. तिकडं त्या जागेला कॅडेन्झा म्हणतात. आपण मोकळी जागा म्हणायचो.

तुमची ती मोकळी जागा, आणि माझी मोकळी वेळ. सकाळी शाळेच्या आधीचा तुमचा, पुढं सुमनचाही रियाज, चूल पेटलेली, डाळ चढवलेली. पन्नास जण हात मांडीवर ठेवून बसत असतील, त्यांच्या घरी दुसरं कोणी भाकरी करत असेल. तुमचं एकट्याचं सुरू झालं की मी उठायची. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, डाळ घोटायची, आणि भिंतीपलीकडून ट्रिल ऐकू आली की पदराला हात पुसत येऊन पेटीवर बसायची. एकदाही चुकले नाही. तुम्हीही कधी थांब म्हटलं नाही, मीही कधी थांबले नाही. ती आपल्या घरची रीतच झाली.

पण ते रोज वेगळं का, हे मला कधी कळलं नाही. कधी एवढंसं वाजवून ट्रिल, तर कधी संपता संपत नाही. मी म्हणायची, "एक काहीतरी ठरवून टाका ना. तबकडीवाल्यानं कसं ठरवून वाजवलं." तुम्ही म्हणायचे, "ठरवलं तं मंग ती मोकळी जागा काहून म्हणाची?" एवढ्यावर तो वाद तुटायचा. शेवटच्या आजारपणात, बोलताना दम लागायचा तेव्हाही, तुम्ही सुमनला सांगत होता की त्या जागेला घाई करू नको. मी औषध घोटत होते. मी म्हटलं, आता तरी गप पडा. तुम्ही गप पडलात. मला तेव्हा तुमचा श्वास महत्त्वाचा वाटला, वाजवणं नाही. आजही तीच वेळ आली तर मी तेच म्हणेन.

तर पोती उतरवली, पेटी पुसली आणि दुसऱ्या दिवशी सुमनला बोलावणं धाडलं. ती आली, तुमचा कोट टांगायच्या खुंटीकडं पाहून रडली, मी रडू दिलं. मग म्हटलं, "झालं? आता काढ फिडल." भाऊजी ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पान काही पालटत नव्हते.

सुरुवात मी नीट वाजवली. सुमन उभी राहिली, तिचं तिनं मांडलं, आमचं बरं चाललं होतं. मग मोकळी जागा आली. मी हात काढले. स्वयंपाक आधीच उरकला होता, उठायचं कारण नव्हतं, म्हणून बसून राहिले. ती वाजवायला लागली आणि मी ऐकत होते. इतक्या वर्षांत ते समोर बसून मी पहिल्यांदा ऐकत होते. भिंतीपलीकडून ऐकलेलं निराळं असतं. तव्याचा आवाज, फोडणीचा आवाज, त्यातून येईल तेवढं.

छान चाललं होतं. मग ती एका लहानशा ओळीवर आली. खालून वर चढायचं, वर जाऊन थबकायचं, परत खाली यायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा. मी ट्रिलची वाट पाहते आहे आणि ही आपली तिथंच फिरते आहे. तिला घाम फुटला. माझ्याकडं बघते, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघते, परत माझ्याकडं. शेवटी कमान थांबली.

"काय झालं वं?" मी म्हटलं. "ट्रिल काहून नाही घेत?"

"काकू, तुमी उठल्याच नाही."

"मी नाही उठली तं तुले काय झालं?"

"तुमी उठता ना इथं. मंग तव्यावरची शेवटची भाकर उतरवल्याचा आवाज आला की ट्रिल घ्याची. तोवर हा फेरा फिरवत राह्याचा. मास्तरांनी मले असंच शिकवलं."

"अन् हे कोणत्या पुस्तकात लिहिलं हाय?"

ती बावचळली. "मले वाटलं त्या लोकायचंही असंच असते. त्यायच्यातलंही कोणी उठून जात असन."

मी हसले. खदखदून हसले, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. ओसरीवरून भाऊजी वाकून पाहायला लागले. मग मी हसता हसता रडायला लागले, आणि तेराव्यापर्यंत जे जमलं नव्हतं ते सगळं तिथं पेटीवर डोकं ठेवून रडले. सुमन घाबरली. पाणी आणायला धावली.

मग तिनं सांगितलं की एकदा तिनं तुम्हाला विचारलं होतं, काकू येईपर्यंत काहून थांबाचं, ट्रिल घेतली की त्या येतीनच. तुम्ही म्हणालात, "आपली ट्रिल थांबू शकते. तिच्या हातातली भाकर करपते."

काहो, हे मला सांगायला काय झालं होतं? संसारभर वाद घातला, पन्नास जण बह्याड का म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं. मला वाटायचं, मोकळ्या जागेत तुम्ही तुमच्या मनचं वाजवता आणि मी बाहेर थांबते. आणि तुम्ही चुलीकडं कान लावून फेरा घालत होता. डाळ शिजायची असेल त्या दिवशी लांब, शिळं असेल त्या दिवशी एवढंसं. मला राग आला तुमचा, खरंच आला. असलं काही आयुष्यात करायचं आणि बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही, ही कुठली रीत? मग राग उतरला आणि इतकं बरं वाटलं की मी सुमनला गूळ-शेंगदाणे दिले.

ती म्हणाली, "काकू, तो फेरा काढून टाकू का? कार्यक्रमात तं तुमी उठणार नाही."

"नाही. ठेव."

"किती फिरवू मंग?"

"मी मान हलवीपर्यंत."

 कार्यक्रमाच्या दुपारी मी हमाल शोधायला निघाले तर भाऊजी धोतर खोचून पेटीशी उभे. सुमनच्या बापाला त्यांनी दुसऱ्या बाजूला धरायला बोलावलं होतं. म्हणाले, "मले हे पटलं असं समजू नका वहिनी. पण पेटी जड हाय अन् तुमची कंबर धरली हाय." बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या दोघांनी पेटी नेली. मी मागून चालले. आधी वाटलं होतं पदर पुढं ओढावा. मग नाही ओढला.

खोली भरली होती. इंग्रजी भजन ऐकायला कमी आणि मला पाहायला जास्त, हे मला ठाऊक होतं. बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, बऱ्यापैकी मोठ्यानं, "कपाळ पांढरं अन् पेटीवर बसली." मी ऐकलं. पाय पायट्यांवर ठेवले.   एकदा भाता भरला की पायांना भ्यायला फुरसत मिळत नाही.

सुरुवातीचं मी घाई न करता वाजवलं. सुमन फिडल खाली धरून उभी, आणि तेवढा वेळ सगळ्या गावाला माझं ऐकावं लागलं. मग ती बोलली. पोरीचा सूर असा लागला की मागचे खोकणारे थांबले. आम्ही एकमेकींचं काढून घेत, परत देत पुढं गेलो. मोकळी जागा आली. मी हात मांडीवर ठेवले.

ती त्या फेऱ्यावर आली. वर, थबकून, खाली. पुन्हा वर. समोरच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "अटकलं वाटते." एक-दोघं हसले. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. सुमन माझ्याकडं पाहत होती. मला मान हलवायची होती, आणि मी हलवली नाही. जोवर मी मान हलवत नव्हते तोवर तुम्ही माझ्यासाठी थांबलेले होता. मला ते अजून थोडं हवं होतं. लोक हसले तर हसले. सुमनला कळलं असावं, कारण तिनं फेरा हळू केला, आणि वर थबकताना तुमच्यासारखा सूर ओढला.

मग मी मान हलवली. तिनं ट्रिल घेतली, लांब, स्वच्छ, आणि मी दोन्ही हातांनी आत शिरले. पन्नास जणांच्या जोरानं शिरले.

दुसरा भाग झाला, तिसरा झाला. पुरं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाळ्या थोड्या उशिरा पडल्या, कारण संपलं हे लोकांना कळेना. सुमनचा बाप भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "एवढं होतं पोट्टीच्या हातात, अन् मले मालूमच नाही."  तो सुमनच्या सासरच्यांशी फिडलबद्दल बोलेल की नाही, मला सांगता येत नाही. दोन दिवसांनी सुमन फिडल माझ्याकडं ठेवायला घेऊन आली. मी घेतलं नाही. म्हटलं, "सासरी ने. वाजवू देत नाहीत तं खुंटीले टांग. पण तुह्या डोळ्यासमोर असू दे." ती घेऊन गेली.

भाऊजी परवा रिठदला परतले, एकटे. पोती इथंच ठेवून गेले, म्हणाले, "खायाले लागतीन." मोटार सुटताना खिडकीतून विचारत होते की पेटीत वाळवी लागू नये म्हणून काय करायचं असतं. हेडमास्तरांनी मुलींच्या गाण्याच्या तासाबद्दल विचारलं आहे, तुमच्या जागेवर. आणि काल सकाळी एक बाई आपल्या लेकीला घेऊन दारात उभी राहिली. आवाजावरून ओळखलं, पांढऱ्या कपाळाचं बोलणारी तीच. नजर वर करेना. म्हणाली, "हिले पेटी शिकवसान का?" पोरीची बोटं बरी आहेत, लांब आहेत, पण अंगठा वाकडा धरते. आजपासून बसवली.

तेव्हा आता तुम्हाला एकच सांगायचं आहे. तुमचा स्वभाव मला ठाऊक झाला आहे. तिकडं कुठं तरी उभे राहून तुम्ही तोच फेरा फिरवत असाल, इकडं कान लावून. नका थांबू. ट्रिल घ्या आणि मोकळे व्हा. माझं इथलं काम इतक्यात आटपत नाही.